मोजपट्टी मुलाची, माप मुलीचे : किशोरवयीन अवधानदोषातील लिंगभेदाच्या संशोधनाची चिकित्सा

प्रस्तावना

तळेगाव (श्यामजी पंत) हे वर्धा जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील, नागपूर-अमरावती महामार्गावरचे गाव. संत्र्याच्या बागांचा हा पट्टा. आसपासच्या खेड्यांतील मुले-मुली शिक्षणासाठी अशा मोठ्या गावांत एसटीने ये-जा करतात. अशा एखाद्या गावातील आठवी-नववीच्या वर्गशिक्षकास 'वर्गात लक्ष नसलेले विद्यार्थी कोण?' असे विचारले, तर ओठावर येणारी पहिली नावे बहुधा मुलांचीच असतात. जो बाकावर बसत नाही, शेजाऱ्याच्या खोड्या काढतो, प्रश्न पुरता ऐकण्याआधीच उत्तर देतो, तो शिक्षकास पहिल्या आठवड्यातच पाठ होतो. तिसऱ्या बाकावरची, वही उघडी ठेवून खिडकीबाहेर पाहणारी मुलगी मात्र वर्षअखेरीसही 'शांत आहे, पण अभ्यासात बेताची' एवढ्या शेऱ्यावर निघून जाते.

अवधान-न्यूनता व अतिचंचलता विकार, ज्यास सर्वत्र 'एडीएचडी' या आद्याक्षरांनी ओळखले जाते, तो मुलींपेक्षा मुलग्यांत अधिक आढळतो, असे पाठ्यपुस्तके सांगतात. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या 2013 च्या निदानपुस्तिकेने बालवयात हे प्रमाण साधारण दोनास एक, तर प्रौढ वयात 1.6 ला 1 असे दिले आहे. या दोन आकड्यांतील अंतरच विचार करावयास लावणारे आहे. व्याख्येनुसार बालपणीच सुरू होणाऱ्या विकारात, वय वाढल्यावर स्त्रियांचे प्रमाण वाढावे कसे? मुलग्यांची लक्षणे वयानुसार अधिक ओसरत असतील, हे एक उत्तर. पण विकार मुलींत मागाहून शिरला नसेल, केवळ उशिरा दिसला असेल, ही शक्यता तितकीच विचारात घ्यावी लागते. गेल्या तीन दशकांत किशोरवयीन मुला-मुलींच्या मेंदूतील व शरीरक्रियेतील फरकांविषयी जे संशोधन पुढे आले, त्याकडे या प्रश्नाच्या उजेडात पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मराठीत 'लिंगभेद' हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. एक अर्थ स्त्री-पुरुष देहांतील जैविक भिन्नतेचा, तर दुसरा त्यांना मिळणाऱ्या विषम वागणुकीचा. शास्त्रीय लेखनात ही संदिग्धता दोष मानली जाते. या विषयापुरती मात्र ती उपकारक ठरते, कारण येथे पहिल्या अर्थाची म्हणून नोंदवलेली बरीच निरीक्षणे दुसऱ्या अर्थाच्या पायावर उभी आहेत.

नमुन्याचा इतिहास

1902 साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी दिलेली व्याख्याने या विकाराच्या इतिहासाचा आरंभ म्हणून उद्धृत केली जातात. बुद्धी शाबूत असूनही स्वतःवर ताबा ठेवू न शकणाऱ्या ज्या वीस बालकांचे वर्णन त्यांनी केले, त्यांत पंधरा मुलगे व पाच मुली होत्या. 1937 मध्ये अमेरिकेतील ऱ्होड आयलंड येथे चार्ल्स ब्रॅडली यांनी तीस बालकांना बेन्झेड्रिन देऊन त्यांच्या वर्गातील वर्तनात झालेला पालट नोंदविला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात वर्ध्यास भरलेल्या शिक्षण परिषदेत हातांना काम देणाऱ्या नयी तालीमची मांडणी होत होती. दोहोंचा परस्परांशी काही संबंध नाही. तरीही एकाच वर्षी एका ठिकाणी मुलाला बाकावर बसण्याजोगे करण्याचा उपाय सापडावा आणि दुसऱ्या ठिकाणी बाकाच्याच उपयुक्ततेवर प्रश्न उभा राहावा, हा योगायोग शिक्षणाच्या अभ्यासकाने ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

पुढे 1980 च्या निदानपुस्तिकेत 'अवधान-न्यूनता' हे नाव रूढ झाले, 1987 मध्ये त्यास 'अतिचंचलता' जोडली गेली आणि 1994 च्या आवृत्तीत अनवधान व अतिचंचलता-आवेग अशा दोन याद्या, प्रत्येकी नऊ लक्षणांच्या, निश्चित झाल्या. नऊपैकी सहा लक्षणे जुळल्यास निदान. या याद्या ज्या क्षेत्रीय चाचण्यांवर आधारल्या गेल्या, त्यांतील बहुसंख्य बालके मुलगे होती. चिकित्सालयात आणलेल्या मुलग्यांचे वर्णन करून यादी तयार झाली, त्या यादीने मुलींचे मोजमाप झाले, आणि मुली कमी भरल्या तेव्हा 'हा विकार मुलींत कमी असतो' असा निष्कर्ष निघाला. तर्कशास्त्रात यास चक्रक दोष म्हणतात.

मेंदूच्या प्रतिमांचा अभ्यासही याच वाटेने गेला. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील झेवियर कॅस्टेलॅनोस व सहकाऱ्यांनी 1996 साली प्रसिद्ध केलेल्या, पुढे पायाभूत मानल्या गेलेल्या अभ्यासात एडीएचडी असलेले 57 जण होते आणि ते सर्व मुलगे होते. मुलींचा तुल्य अभ्यास त्याच गटाने 2001 मध्ये प्रसिद्ध केला. त्यात 50 मुली व तितक्याच तुलनेसाठी घेतलेल्या मुली होत्या. पाच वर्षांचा हा विलंब वरवर किरकोळ वाटेल. परंतु या पाच वर्षांत 'एडीएचडीचा मेंदू' म्हणून जे चित्र पाठ्यपुस्तकांत रुजले, ते वस्तुतः मुलग्यांच्या मेंदूचे होते, आणि मुलींच्या अभ्यासाला 'हे चित्र मुलींतही दिसते काय' एवढाच प्रश्न उरला. मुलींचे स्वतःचे चित्र कोणते, हा प्रश्न विचारलाच गेला नाही.

मेंदूविषयी काय म्हणता येते

किशोरावस्थेतील मेंदूच्या वाढीचा कालक्रम मुला-मुलींत वेगळा असतो, हे बऱ्यापैकी निर्विवाद आहे. याच संस्थेतील 2007 च्या दीर्घकालीन अभ्यासात मेंदूचे एकूण आकारमान मुलींत सुमारे साडेदहाव्या वर्षी, तर मुलांत साडेचौदाव्या वर्षी शिखरास पोचताना दिसले. त्याच वर्षी फिलिप शॉ यांच्या गटाने एडीएचडी असलेल्या बालकांत मेंदूच्या बाह्यपटलाची जाडी शिखरास पोचण्याचे मध्यक वय साडेदहा, तर इतरांत साडेसात असल्याचे दाखविले. म्हणजे रचना विकृत नाही, तिच्या परिपक्वतेस विलंब आहे, असा त्याचा अर्थ लावला गेला.

ही दोन निरीक्षणे शेजारी ठेवताच एक अडचण उभी राहते. मुलीची घडी मुळातच पुढे असेल आणि एडीएचडीमुळे ती मागे पडत असेल, तर मागे पडलेली मुलगी सर्वसाधारण मुलग्याच्या बरोबरीला येऊन बसू शकते. संमिश्र वर्गात अशी मुलगी कोणाच्याही डोळ्यांवर येणार नाही. ती मुलग्यांच्या तुलनेत ठीक आहे. इतर मुलींच्या तुलनेत ती मागे आहे, आणि ही दुसरी तुलना वर्गात सहसा कोणी करीत नाही. अर्थात हे अनुमान आहे. बाह्यपटलाची जाडी आणि मेंदूचे एकूण आकारमान या दोन वेगळ्या राशी आहेत, त्यांच्या घड्या एकमेकींवर सरळ बसविता येत नाहीत. तरीही मोजमाप कोणाशी तुलना करून घ्यावयाचे, हा प्रश्न त्यातून अटळपणे पुढे येतो.

बाल्टिमोर येथील केनेडी क्रीगर संस्थेच्या संशोधकांनी 2015 साली एडीएचडी असलेल्या मुला-मुलींच्या ललाटखंडाच्या रचनेत फरक असल्याचे मांडले. मुलग्यांत हालचालींच्या नियोजनाशी निगडित असा प्रेरक-पूर्व भाग, तर मुलींत त्याहून पुढचा, नियोजन व भावनियमनाशी निगडित भाग बाधित दिसला. मुलगा हालचालीत बेभान, मुलगी विचारांत हरवलेली, या शिक्षकांच्या नेहमीच्या अनुभवास हे निरीक्षण इतके चपखल बसते की त्यावर चटकन विश्वास बसतो. येथेच सावध राहावयास हवे. त्या अभ्यासातील बालके आठ ते बारा वर्षांची होती. त्यांच्याविषयीचे निष्कर्ष पंधरा वर्षांच्या मुलीस लागू करताना मधली ऋतुप्राप्ती जणू घडलीच नाही असे धरावे लागते. शिवाय अशा बहुतेक अभ्यासांत मुलींची संख्या मुलग्यांहून बरीच कमी असते, आणि लहान नमुन्यातून निघालेला फरक मोठ्या नमुन्यात विरून जाण्याचा अनुभव या क्षेत्रास वारंवार आला आहे.

2017 मध्ये मार्टिन हूगमन व सहकाऱ्यांनी 23 केंद्रांवरील, एडीएचडी असलेल्या 1713 व नसलेल्या 1529 व्यक्तींच्या प्रतिमा एकत्र अभ्यासल्या, तेव्हा मेंदूच्या आतील काही केंद्रांचे आकारमान एडीएचडीत किंचित कमी आढळले. पण 'किंचित' हा शब्द येथे अक्षरशः घ्यावयाचा आहे. हे अंतर इतके सूक्ष्म आहे की एका व्यक्तीची प्रतिमा पाहून तिला एडीएचडी आहे की नाही हे सांगता येत नाही. ते मुलांत आणि मुलींत ठळकपणे निराळे आहे, असेही या प्रचंड सामग्रीतून पुढे आले नाही. आनुवंशिकीचे निष्कर्षही याच दिशेचे आहेत. स्त्रियांतील व पुरुषांतील एडीएचडीच्या जनुकीय मुळांचा सहसंबंध जवळजवळ पूर्ण, म्हणजे एकास लागून आढळतो.

सर्वसामान्य स्त्री-पुरुषांच्या मेंदूंविषयीचे चित्रही याहून वेगळे नाही. 2015 साली डॅफ्ना जोएल यांच्या गटाने चौदाशेहून अधिक मेंदूंच्या प्रतिमा तपासून असे दाखविले की पूर्णतः 'स्त्रीचा' किंवा पूर्णतः 'पुरुषाचा' म्हणता येईल असा मेंदू विरळा, बहुतेक मेंदू दोहोंची सरमिसळ असतात. लीझ एलियट व सहकाऱ्यांनी 2021 मध्ये तीन दशकांच्या संशोधनाचा आढावा घेतला व एकूण आकाराचा फरक वजा केल्यावर उरणारी भिन्नता अत्यल्प असल्याचे मत मांडले. या मतासही विरोधक आहेत. पण 'मुलींच्या एडीएचडीचा मेंदू' अशा शीर्षकाची जी लोकप्रिय पुस्तके व व्याख्याने आज विपुल आहेत, त्यांना प्रतिमाशास्त्राचा आधार मानला जातो त्याहून कितीतरी तोकडा आहे, एवढे निःशंकपणे म्हणता येते.

यादीतले वाक्य आणि गावातली मुलगी

निदानाच्या यादीतील एक लक्षण असे की बालक अयोग्य प्रसंगी धावते किंवा उंच जागी चढते. किशोरवयात हे केवळ आतल्या अस्वस्थतेपुरते उरू शकते, अशी पुस्ती पुस्तिकेनेच जोडली आहे. हे घडते ते ललाटखंड परिपक्व होतो म्हणून, असे स्पष्टीकरण सामान्यतः दिले जाते.

विदर्भातल्या खेड्यात बारा-तेरा वर्षांच्या मुलीचे झाडावर चढणे थांबते ते याच वयात. मात्र ते थांबविणारे दुसरेही कोणी असते. पाळी सुरू झाली की 'आता मोठी झालीस' या एका वाक्यात तिचे धावणे, मोठ्याने हसणे, एकटीने बाहेर हिंडणे, मांडी पसरून बसणे एकाच वेळी बंद होते. ज्या क्षणी देहात संप्रेरकांचे परिवर्तन घडते, त्याच क्षणी देहावर शिस्तीचा पहाराही बसतो. तेव्हा मुलीची अतिचंचलता किशोरवयात कमी दिसते ती मेंदूच्या वाढीमुळे, की आईच्या नजरेमुळे, हे केवळ वर्तन मोजून कसे ठरविणार? मुलग्याच्या बाबतीत हा गोंधळ इतका तीव्र नाही. त्याच्या वयात येण्यावर कोणी धावण्याची बंदी घालीत नाही. मुला-मुलींच्या लक्षणांच्या वयानुसार उतरत्या आलेखांची तुलना करणाऱ्या अभ्यासांत हा घटक क्वचितच मोजलेला असतो.

भाषाही या कामात सामील आहे. वांड, द्वाड, उनाड, खोडकर, धसमुसळा हे शब्द रागाचे खरे, पण त्यांत एक छुपे कौतुक असते. मराठी बालसाहित्याने हे कौतुक मनापासून केले. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे यांच्या उचापतींवर वाचकांच्या कितीएक पिढ्या वाढल्या. प्रकाश नारायण संतांच्या लंपनचे मन वर्गात असतानाही दूर कुठे भटकते, आणि वाचक त्या भटकण्यावरच लुब्ध होतो. यांपैकी कोणालाही कसलेही निदान चिकटविणे हा साहित्याशी द्रोह होईल. येथे मुद्दा वेगळा आहे. चंचल किंवा तंद्रीत रमणाऱ्या मुलग्याकडे जिव्हाळ्याने पाहण्याची सवय या साहित्याने मराठी वाचकास लावली. ताम्हनकरांनी 'चिंगी'ही लिहिली, पण घराघरांत राहिला तो गोट्या. तंद्री लागलेल्या मुलीसाठी मात्र बोलीत वेंधळी, धांदरट, विसरभोळी, आणि नागपूर-वऱ्हाडकडे 'भैताड' हे शब्द आहेत. त्यांत कौतुक नाही. ते तिच्या स्वभावाचा आणि पुढे तिच्या संसाराचा निकाल देतात.

घरकामाचा संदर्भही तितकाच महत्त्वाचा आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2019 च्या कालवापर सर्वेक्षणात सहा वर्षांवरील ज्या स्त्रिया घरचे विनामोबदला काम करतात त्यांचा त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटे, तर अशा पुरुषांचा 97 मिनिटे वेळ जातो असे दिसले. हे आकडे सर्व वयोगटांचे आहेत, तरी किशोरींच्या दिनक्रमाची दिशा त्यांतून कळते. मुलाचे अनवधान वहीत दिसते, मुलीचे चुलीजवळ. दूध उतू गेले, मीठ दोनदा पडले, धाकट्या भावाला शाळेतून आणावयाचे राहिले, याचा हिशोब घरातच होतो आणि तो कोणत्याही प्रश्नावलीत उतरत नाही. पालकांकडून भरून घ्यावयाच्या मापनश्रेणी गृहपाठ व खेळ यांविषयी विचारतात, स्वयंपाकाविषयी नाही.

ऋतुचक्र, रक्त आणि लोह

शरीरक्रियेच्या बाजूने पाहता मुलींच्या बाबतीत एक धागा निश्चितच आश्वासक आहे. इस्ट्रोजेन हे संप्रेरक मेंदूतील डोपामिनच्या कार्यावर प्रभाव टाकते आणि एडीएचडीत डोपामिनच्या कार्याचा वाटा मोठा मानला जातो. त्यामुळे मासिक चक्रात इस्ट्रोजेन उतरते त्या दिवसांत अवधानाच्या तक्रारी वाढाव्यात, हे तर्कसंगत आहे. 2018 मध्ये अमेरिकेतील मिशेल मार्टेल यांच्या गटाने 32 तरुणींचा पस्तीस दिवस रोजच्या रोज मागोवा घेऊन असा संबंध दिसत असल्याचे नोंदविले. 2023 मध्ये नेदरलँड्समधून नऊ स्त्रियांचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. पाळीपूर्वीच्या दिवसांत उत्तेजक औषधाची मात्रा वाढविल्याने त्यांना आराम पडला होता.

हे अभ्यास मौलिक आहेत आणि तितकेच अपुरेही. पहिल्यातील सहभागी महाविद्यालयीन तरुणी होत्या, एडीएचडीचे निदान झालेल्या किशोरी नव्हेत. दुसऱ्यात तुलनेसाठी गटच नव्हता. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीचे चक्र सुरुवातीची काही वर्षे अनियमित असते, ते प्रौढ स्त्रीच्या चक्राच्या नमुन्यावर वाचता येत नाही. एवढे असूनही 'पाळीच्या आधी एडीएचडी वाढतो' हे विधान आज निर्विवाद सत्याप्रमाणे उच्चारले जाते. मुलींच्या वागण्याचे मूळ गर्भाशयात शोधण्याची वैद्यकाची जुनी खोड पाहता, या विधानाचा स्वीकार थोडा सबुरीनेच झालेला बरा.

विदर्भापुरता अधिक निकडीचा प्रश्न दुसराच आहे, आणि एडीएचडीवरील पाश्चात्त्य वाङ्मयात त्यास फारच थोडी जागा मिळते. टायरोसिनपासून डोपामिन तयार करण्याच्या साखळीतील पहिल्या विकरास लोहाची गरज असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, 2019-21 मध्ये, देशातील 15 ते 19 वयाच्या 59.1 टक्के मुलींत रक्तक्षय आढळला, त्याच वयाच्या मुलग्यांत 31.1 टक्के. बोटातून घेतलेल्या रक्ताच्या मोजणीविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत आणि सर्व रक्तक्षय लोहाच्या कमतरतेचा नसतो. विदर्भात तर सिकलसेलचाही विचार करावा लागतो. तरीही मुला-मुलींतील हे जवळजवळ दुपटीचे अंतर नजरेआड करता येत नाही. लोहाची कमतरता असलेली मुलगी थकलेली असते, तिचे चित्त लागत नाही, वाचलेले ध्यानात राहत नाही. ही लक्षणे अनवधानाच्या यादीशी इतकी मिळतीजुळती आहेत की रक्त न तपासता निदान करणे धोक्याचे आहे. याची दुसरी बाजूही आहे. पॅरिसमधील एरिक कोनोफाल यांनी 2004 मध्ये एडीएचडी असलेल्या 53 बालकांपैकी बहुसंख्यांत फेरिटिन, म्हणजे शरीरातील लोहसाठ्याचे दर्शक प्रथिन, कमी असल्याचे दाखविले. नंतरच्या अभ्यासांत हा संबंध सर्वत्र सारखा आढळला नाही. तरीही दोन्ही गोष्टी एकाच मुलीत असू शकतात, आणि 'रक्त कमी आहे, गोळ्या घे' या सल्ल्याने प्रकरण संपले असे समजणेही चूक ठरते. 2013 पासून देशभर शाळांतून दर आठवड्यास लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या देण्याचा कार्यक्रम आहे. गोळी मिळूनही जिचे लक्ष लागत नाही अशी मुलगी कोण, हे पाहण्याची संधी तो दर आठवड्यास देतो. या दृष्टीने त्याकडे पाहिले मात्र जात नाही.

हृदयगती, त्वचेची विद्युत्‌वाहकता, कॉर्टिसॉल यांसारख्या दर्शकांवरील अभ्यासांतून एडीएचडीत स्वायत्त चेतासंस्थेची जागृती काहीशी मंद असण्याकडे कल दिसतो. मुला-मुलींची स्वतंत्र तुलना करण्याइतपत मुली त्यांत सहसा नसतात.

नकाशावरची रिकामी जागा

महाराष्ट्रातील किशोरींविषयी नेमके काय ज्ञात आहे? 2015-16 चे राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण बारा राज्यांत झाले. त्यांत गुजरात होते, मध्य प्रदेश होता, छत्तीसगड होते. महाराष्ट्र नव्हता. बालकांतील चेताविकासाच्या विकारांचा 2018 मध्ये प्रसिद्ध झालेला मोठा भारतीय अभ्यास देशातील पाच ठिकाणी झाला. त्यांत कोकणी-मराठी भाषकांचा उत्तर गोवा होता आणि एडीएचडीचाही समावेश होता. परंतु त्याची वयोमर्यादा दोन ते नऊ वर्षे होती. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयातून सुनील करंदे व सहकाऱ्यांनी अध्ययन-अक्षमतेविषयी व तिच्या जोडीने येणाऱ्या एडीएचडीविषयी महत्त्वाचे लेखन केले आहे. पण ते महानगरातील, शाळेने वा पालकांनी रुग्णालयात आणलेल्या मुलांविषयी आहे. कोणास आणले जाते, हाच तर मूळ प्रश्न. थोडक्यात, पहिल्याने महाराष्ट्र वगळला, दुसऱ्याने किशोरवय वगळले, तिसऱ्याच्या कक्षेत खेडे येत नाही. आष्टी तालुक्यातील चौदा वर्षांची मुलगी या तिन्ही वर्तुळांच्या बाहेर राहते. सेवाग्राम आणि सावंगी (मेघे) अशी दोन वैद्यकीय महाविद्यालये असलेल्या जिल्ह्याबाबत हे म्हणावे लागते.

वगळले जाण्याची किंमत काय असते, याचे उत्तर दूरच्या एका अभ्यासात मिळते. कॅलिफोर्नियातील बर्कली येथे स्टीफन हिनशॉ यांनी 1990 च्या दशकाच्या अखेरीस 140 एडीएचडी असलेल्या व 88 नसलेल्या, सहा ते बारा वर्षांच्या मुलींचा मागोवा सुरू केला. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दहा वर्षांनंतरच्या पाहणीत, बालपणी अनवधान आणि अतिचंचलता दोन्ही असलेल्या गटातील 22 टक्के मुलींनी आत्महत्येचा प्रयत्न केलेला होता. तुलनेच्या गटात हे प्रमाण 6 टक्के होते. स्वतःस इजा करून घेण्याचे प्रमाण 51 विरुद्ध 19 टक्के होते. या मुलींचे निदान बालपणीच झाले होते, त्यांच्याकडे लक्ष होते. निदानच न झालेल्या मुलींचा असा मागोवा घेणे स्वभावतःच अवघड आहे. हे आकडे विदर्भास लागू करता येणार नाहीत. पण 'मुलींत सौम्य असतो' या समजुतीस त्यांनी तडा दिला आहे, तो पुरेसा आहे.

कायद्याच्या पातळीवरही ही मुलगी पोकळीत आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने विशिष्ट अध्ययन-अक्षमता व स्वमग्नता यांचा समावेश केला, एडीएचडीचा स्वतंत्र प्रवर्ग केला नाही. वाचन-लेखनाची अक्षमता जोडीस नसेल, तर केवळ अवधानदोष असलेल्या विद्यार्थिनीस त्या आधारे परीक्षेत सवलत मागता येत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे चित्र याहून आशादायी आहे. 6 फेब्रुवारी 2013 रोजी पालघर येथून सुरू झालेल्या या कार्यक्रमात तपासावयाच्या तीस स्थितींच्या यादीत एडीएचडी नावानिशी आहे, अठरा वर्षांपर्यंतच्या मुला-मुलींची शाळेत वर्षातून एकदा तपासणी अपेक्षित आहे, आणि फिरत्या पथकात एक स्त्री डॉक्टर असावी अशी तरतूद आहे. म्हणजे तळेगावसारख्या गावातील मुलीपर्यंत एक दार येऊन पोचलेले आहे. परंतु एका दिवसात शेकडो मुले तपासणारे पथक दात, डोळे, त्वचा, वजन पाहू शकते. अनवधान पाहण्यासाठी त्यास वर्गशिक्षकाच्या शब्दावर विसंबावे लागते, आणि वर्गशिक्षकास आठवतो तो न बसणारा मुलगा.

वरिष्ठ महाविद्यालयात येईपर्यंत या मुलींपैकी काही जणी गळतात, काहींची लग्ने होतात, काही कशाबशा पोचतात. पोचलेल्या विद्यार्थिनीचे निदान आज करावयाचे झाले, तर 2013 च्या निकषांनुसार सतरा वर्षांपुढे सहाऐवजी पाच लक्षणे पुरतात, ही सोय आहे. अट अशी की त्यांपैकी काही लक्षणे बाराव्या वर्षापूर्वी दिसलेली असावीत, आणि त्याचा काही पुरावा असावा. तो पुरावा असणार प्रगतिपुस्तकात आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यात. त्या दाखल्यात 'वर्तणूक' असा एक रकाना असतो. तिसऱ्या बाकावर बसून खिडकीबाहेर पाहणाऱ्या मुलीपुढे त्यात एकच शब्द लिहिलेला असतो : चांगली.